खिडकीपर्यंत सरपण

"आणि समजा, नव्वदीपर्यंत जगलो तर?"

बुवा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तर नव्वदीचा होशील," ते म्हणाले.

मी चुलीपाशी होतो. मठात स्वयंपाक माझ्याकडे असतो. मठ म्हणजे तरी काय, घाटमाथ्यावरची एक लांबट खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला सोमगिरीबुवांची घोंगडी. त्यामुळे इथे कुणी काही विचारलं की ते माझ्या कानावर पडतंच. कान झाकून भाकरी थापता येत नाही.

विचारणाऱ्याचं नाव जयवंत हिर्लेकर. मूळचा देवगडचा, आता पुण्यात. पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लोकांवर कोणकोणती संकटं येऊ शकतात आणि ती केवढ्याला पडतील, हे आधीच काढून ठेवायचं, हे त्याचं काम. कामात हुशार असणार. आल्यापासून तो थोड्याथोड्या वेळाने आमच्या छपराकडे बघत होता.

त्याला नोकरी सोडायची होती. सोडून देवगडला वडिलांजवळ जाऊन राहायचं होतं. वडील शाळामास्तर होते, आता ऐंशीच्या पुढे गेलेले, घरात एकटे. कंपनीने सांगितलं होतं, ज्यांना वेळेआधी निवृत्ती हवी त्यांनी सोमवारपर्यंत कळवायचं. नंतर म्हणाल तर नाही. आणि तो आमच्याकडे आला शनिवारी.

"घराचं कर्ज फिटलंय," तो म्हणाला. "मुलीच्या शिक्षणाचं वेगळं ठेवलंय. दवाखान्याचं वेगळं. आम्हा दोघांचं खाणंपिणं, औषधपाणी, वर्षाची महागाई, सगळं धरून एक आकडा काढलाय."

आकडा त्याने सांगितला. मला तो पुन्हा सांगता येणार नाही, त्यात शून्यं फार होती.

"भरला?" बुवांनी विचारलं.

"भरला."

"मग?"

"मग... पुरेल का, ते विचारायला आलोय."

बुवांनी शेंगेतला दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"नाही पुरणार."

हिर्लेकराचे खांदे खाली आले. त्याने मोठा श्वास सोडला, आणि... खरं सांगतो, त्याचा चेहरा उजळला. इथे माणसं आशेने येतात आणि बुवा 'नाही' म्हणाले की रडवेली होऊन जातात. 'नाही' ऐकून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

"मलाही तेच वाटत होतं," तो म्हणाला. "अजून तीन वर्षं काढली तर मग काही प्रश्नच नाही. मी वैजयंतीला हेच सांगत होतो."

"वैजयंती कोण?"

"बायको."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, पुरेल." तो जरा ओशाळून हसला. "आधी तसं म्हणायची. परवा म्हणाली, मला आता विचारू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी विचार."

बुवांनी पुढची शेंग उचलली.

"पुरेल," ते म्हणाले.

"...काय?"

"पुरेल म्हटलं."

आणि चेहरा पडला. दिवा मालवावा तसा.

"अहो, पण आत्ता तर नाही म्हणालात!"

"म्हणालो. ते तुला गोड लागलं. हे लागलं नाही."

"तसं नाही हो, बुवा... मी खरं काय ते विचारायला आलोय. एवढ्या लांबून."

"मला काय कळतं? मला पाढे नीट येत नाहीत."

हे मात्र साफ खोटं. खालच्या गावच्या वाण्याने एकदा तेलाच्या डब्यात आम्हाला फसवलं होतं. बुवांनी त्याला दुकानात बसून असा हिशोब समजावला की तो अजून आम्हाला बघितलं की उठून उभा राहतो.

आणि बुवा उठसूट सगळ्यांना 'सोड संसार, सोड नोकरी' म्हणतात असंही कुणी समजू नये. मागे एक एसटीचा कंडक्टर आला होता. नोकरीचा वीट आला, आता इथेच राहतो, म्हणाला. दोन पोरी लग्नाच्या, घर अर्धं बांधून ठेवलेलं. बुवांनी त्याला जेवू घातलं आणि विचारलं, "उद्या पहिली गाडी कितीची?" तो म्हणाला, सहाची. "तिच्यावर तूच ड्यूटीला जा," म्हणाले. एवढाच उपदेश.

हिर्लेकराला ते असलंही काही म्हणाले नाहीत.

"आलायस तर उद्या सकाळी सरपण रचायला मदत कर," ते म्हणाले. "तातोबाची कंबर धरलीय. दुपारी जेवून नीघ."

तातोबा म्हणजे मी. माझी कंबर ठणठणीत होती. पण बुवांनी सांगितली म्हणजे धरली.

संध्याकाळी हिर्लेकर बाहेर दगडावर पाय धुवत बसला होता. मी तांब्याने पाणी घालत होतो.

"आकडा कधी भरला म्हणालात?" मी सहज विचारलं.

"आत्ता फेब्रुवारीत." मग थोडं थांबून म्हणाला, "तसा तो आधीही भरला होता."

"म्हणजे?"

"पहिला ठरवलेला आकडा कधीच भरला होता. लहान होता तो. तेव्हाच सोडणार होतो. पण तेवढ्यात ऑफिसातल्या एकाचं आजारपण बघितलं. म्हटलं, आपल्या बाबांवर अशी वेळ आली तर? म्हणून वाढवला. मग तोही भरला. तर महागाईने अशी उसळी मारली, की म्हटलं नको, अजून थोडा वाढवू. आता हा तिसरा."

"आणि आता?"

त्याने पायावरचं पाणी निथळू दिलं.

"मला भीती वाटते, तातोबा," तो म्हणाला. "चारचौघांत बोलत नाही, पण भीती वाटते. दिवसभर मी हेच करतो ना. कोण कशाने बुडालं, ते वाचतो. सगळं नीट असलेली माणसं बुडताना बघितलीत मी. एकदा खुर्ची सोडली की परत कोण बसवून घेणार? आणि बाबांच्या डोळ्यादेखत माझी फजिती झाली तर..."

मला त्याची दया आली. मघाशी मनातल्या मनात मी त्याला चेंगट म्हटलं होतं, ते परत घेतलं. माणूस चेंगट नव्हता. माणूस घाबरलेला होता, आणि तोही बापासाठीच.

बुवा आत घोंगडीवर झोपले होते. म्हणजे डोळे तरी मिटलेले होते.

सकाळी कामाला लागलो.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. मठाच्या खाली एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात शेळ्या बसतात. पण मृगानंतर एकदा तो आला की मठ एकीकडे आणि गाव, सडक, दुकान सगळं दुसरीकडे. इकडचा माणूस इकडे, तिकडचा तिकडे. ते थेट घट बसेपर्यंत. म्हणून शिमग्यानंतर सरपण गोळा करायचं, उन्हात वाळवायचं, आणि मृगाच्या आत खोलीत आणून रचायचं. तांदूळ, मीठ, तेल, काड्यापेट्या, तेही भरून ठेवायचं. पावसाळ्याची बेगमी. घाटातली सगळी घरं हे करतात, त्यात मठ म्हणून काही वेगळं नाही.

वेगळं एवढंच, की सरपण किती, त्याचं आमच्याकडे माप ठरलेलं आहे. खोलीला खिडकी एकच. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो म्हणून त्या बाजूला नुसती भिंत. दारही पावसाळाभर लावलेलंच असतं. उघडी काय ती पूर्वेची खिडकी. तिच्यातून खालचा ओढा दिसतो, पलीकडची पायवाट दिसते. त्या खिडकीखाली भिंतीला लागून सरपण रचायचं आणि खिडकीच्या चौकटीला लागलं की थांबायचं. जाळताना चुलीकडच्या टोकापासून काढत यायचं, खिडकीखालचं सगळ्यात शेवटी. उरलं ते धनगरवाड्यातली माणसं घेऊन जातात.

हिर्लेकराने काम मन लावून केलं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. जाड ओंडके खाली, ढलप्या वर, मधल्या फटींत काटक्या. मी इतकी वर्षं रचतोय, माझा ढीग कधी असा सरळ आला नाही.

चौकटीला लागल्यावर मी म्हटलं, "बास."

"एवढंच?" त्याने हात झटकले. "बाहेर तर अजून एवढं पडलंय."

"ते धनगरांचं."

"पण एवढ्याने भागतं?"

बुवा कोपऱ्यात चिलीम साफ करत होते. तो त्यांच्याकडे वळला.

"बुवा, खिडकीपर्यंतच का? हिशोब काय यामागे?"

"खिडकी," बुवा म्हणाले.

"नाही, म्हणजे... रोज किती लागतं, दिवस किती, असं काही काढलंय का? कधी कमी पडलं नाही?"

"पडलं की. तीन-चार सालांमागे. घट बसायला आले तरी पाऊस हटेना."

"मग काय केलं?"

"मग याने मला शिव्या दिल्या," बुवांनी माझ्याकडे बोट केलं.

दिल्या होत्या. नाही कशाला म्हणू?

"आणि मग?"

"मग धनगरवाड्यावरून आणलं."

"पण ओढ्याला पाणी असणार ना?"

"धनगरवाडा ओढ्याच्या अलीकडे आहे," बुवा म्हणाले. "हे तू विचारलं नाहीस."

 हिर्लेकराने 'कमी पडलं होतं' एवढं धरून ठेवलं. बाकीचं कानाआड झालं असावं. त्याचे डोळे खिडकीवरून बाहेरच्या ढिगाकडे गेले, परत खिडकीकडे आले.

बुवा उठले. खांद्यावर पंचा टाकला आणि झऱ्यावर आंघोळीला गेले.

ते वळणाआड दिसेनासे झाले आणि हा बाहेर गेला. दोन्ही हात भरून सरपण घेऊन आला. चौकटीच्या वर एक थर लावला. मग दुसरा.

मी पीठ मळत होतो. त्याला अडवायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण बुवांकडे आलेल्या माणसाला मधेच टोकायचं नाही, असा इथला रिवाज आहे. शिवाय मला मजा वाटत होती.

"तातोबा, तुम्ही काही बोलू नका," तोच म्हणाला. "बुवांचं वय झालंय. सप्टेंबरात इथल्या गारठ्यात सरपण संपलं तर काय कराल? धनगर तरी दरवेळी देतील कशावरून? त्यांना स्वतःलाच कमी पडलं तर?"

"मी कुठे काय बोललो?"

तो रचत राहिला. घाम निथळत होता. मनापासून करत होता हो, त्यात खोट नव्हती. म्हातारा गारठू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. खिडकी अर्धी झाली. मग वीतभर राहिली. मग त्याने वरच्या फटीत एक ओंडका आडवा सारला आणि खोलीत अंधार झाला.

मला पीठ दिसेना. मी दार सताड उघडलं आणि तिथल्या उजेडात परात ओढून घेतली.

"बघा," तो ढिगावर हात थोपटत म्हणाला. "आता दोन महिने पाऊस लांबला तरी चिंता नाही."

बुवा परतले. केस ओले. दारातून आत आले, पंचा वाळत टाकला, आणि रोजच्यासारखे जाऊन खिडकीसमोर बसले. त्यांची बसायची जागा तीच आहे. चिलीम ओढायची ती तिथे, जप करायचा तो तिथे, गप्प बसायचं तेही तिथेच.

समोर लाकडं होती.

बुवा बघत राहिले.  मला वाटलं, आता हा खाणार बोलणी. बुवा एरवी शांत असले तरी रागावले म्हणजे घोंगडी घेऊन रानात निघून जातात. मग मला कंदील घेऊन शोधत फिरावं लागतं.

"जयवंता, इकडे ये," ते म्हणाले. "बस इथे माझ्याजवळ."

तो बसला.

"छान रचलंस."

"...थँक्यू, बुवा. म्हटलं, थोडं जास्तच असू दे. पाऊस लांबला तरी पुरेल."

"पुरेल," बुवा म्हणाले. "आणि थांबला, हे कळेल कसं?"

"काय?"

"पाऊस थांबला, हे."

हिर्लेकर जरा गोंधळला. मग म्हणाला, "आवाजावरून कळेल की."

"इथे आकाश मोकळं झालं तरी आठ-आठ दिवस झाडं गळत राहतात. रान दाट आहे. कानाला विचारशील तर पाऊस चालूच."

"मग... दार उघडून बघायचं."

"मोकळं झालंय असं वाटलं तर उघडू ना."

हिर्लेकराने समोरच्या लाकडांकडे बघितलं.

"ओढा उतरला की पलीकडून गावातलं कुणीतरी येतं," बुवा म्हणाले. "काठावर उभं राहून हात करतं. मग आम्ही बाहेर पडतो. दर साली कुणी ना कुणी येतंच."

"हो..."

"यंदाही येईल. हात करेल. थोडा वेळ वाट बघेल."

"आणि?"

"आणि आम्ही आत. तातोबा म्हणेल, सरपण जपून जाळा हो, पाऊस काही हटत नाही."

मी तसं म्हटलंही असतं. माझा स्वभावच तसा आहे.

 तव्यावरची भाकरी मी उलटली. दारातून येणारा उजेड हिर्लेकराच्या पाठीवर पडला होता, त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

मग तो उठला. आडवा सारलेला ओंडका त्याने ओढून काढला. वीतभर उजेड आत आला.

"राहू दे," बुवा म्हणाले. "तातोबा काढील नंतर."

"नाही. मी रचलंय, मी काढतो."

तो एकेक लाकूड काढून दाराबाहेर नेऊन टाकू लागला. बुवा बसल्या जागेवरून बघत होते. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं,

"पहिला आकडा भरला, तेव्हा वडील कुठपर्यंत चालायचे?"

म्हणजे काल झोपलेले नव्हतेच. मला माहीतच होतं.

हिर्लेकर हातात लाकडं घेऊन उभा राहिला.

"समुद्रापर्यंत," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी जायचे. मास्तर माणूस, वेळ चुकायची नाही. भरती आहे की ओहोटी ते बघून यायचे आणि रात्री फोनवर मला सांगायचे. लहानपणी मी विचारायचो ना रोज, म्हणून. ती सवय राहून गेली."

"आणि दुसरा भरला तेव्हा?"

तो बाहेर गेला. लाकडं टाकल्याचा आवाज आला. परत यायला त्याने वेळ लावला.

"फाटकापर्यंत," आत येऊन तो म्हणाला. "गुडघे गेले होते. फाटकाला धरून उभे राहायचे."

खिडकी अर्धी मोकळी झाली होती. बुवांच्या दाढीवर ऊन आलं होतं.

"आणि हा तिसरा?"

हिर्लेकराने ढलपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"उंबऱ्यापर्यंत," तो म्हणाला. "शेजारचे खुर्ची टाकून देतात. तिथे बसतात."

"भरतीचं कोण सांगतं मग?"

"आता... आता तेच मला विचारतात. फोन करून. जयवंता, आज भरती की रे ओहोटी?"

"आणि तू?"

"मी पुण्यात मोबाईलवर बघतो... आणि सांगतो."

 त्याने बाहीने तोंड पुसलं, पण घाम पुसल्यासारखं दाखवलं. मी भाकरी करपू दिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझाही बाप असाच गेला, उंबऱ्यावर बसून. पण ते इथे सांगायचं कारण नाही.

 'बघ, तुझ्या लक्षात आलं का' वगैरे बुवा म्हणाले नाहीत. त्यांनी चिलमीत तंबाखू भरला आणि खिडकीतून खाली बघत राहिले.

हिर्लेकराने उरलेलं सरपण काढलं. चौकटीला लागून असलेला शेवटचा थर त्याने हाताने सारखा केला. बाहेर गेला, ढीग एका बाजूला नीट लावला, धनगरांना उचलायला सोपं जाईल असा. मग हातपाय धुऊन आत आला आणि आपली पिशवी उचलली.

"जेवून जायचं ठरलंय," मी म्हटलं.

"तातोबा, इथून देवगड किती लांब?"

मी बघतच राहिलो. आल्यापासून हा सारखं पुण्याचंच बोलत होता. रविवारी रात्री पुण्यात पोचलंच पाहिजे, सोमवारी सकाळी ऑफिसात आधी याला भेटायचं, मग त्याला भेटायचं.

"ओढा ओलांडून सडकेला लागलात की डावीकडे पुणं, उजवीकडे कोकण," मी म्हटलं. "आत्ता निघालात तर दिवे लागायच्या आत पोचाल."

"आणि सोमवारचं फोनवर कळवता येईल," तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच. "देवगडला रेंज असते. बाबांच्या खुर्चीपाशी असते."

मी दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. एक करपलेली होती, ती आमच्याकडे ठेवून घेतली. त्याने बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तो दारात गेला. बूट घातले, नाड्या बांधल्या. पिशवी खांद्याला लावली.

आणि थांबला.

मला वाटलंच होतं. इतक्या वर्षांची खोड, ती काय एका सकाळच्या लाकडांनी जाते? त्याने मागे वळून बघितलं. चेहऱ्यावर तीच कालची भीती. सगळी नाही, पण होती.

"पण बुवा..." तो म्हणाला. "समजा..."

बुवा खिडकीतून खाली बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"ओढा अजून कोरडा आहे," ते म्हणाले. "नीघ."